दात मोजायचे की फेऱ्या?

"सरकारी रुग्णालयात अभ्यास करायचा तर परवानगी नेमकी कुणाकडे मागायची?" दिवाळीपासून हा प्रश्न मला पाच-सहा जणांनी विचारलाय. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकते. वर्षभरापूर्वी मीही असं कुणी लिहिलंय का ते शोधत होते.

मी दंतवैद्य. नाशिकच्या सिडकोत एका खुर्चीचा दवाखाना आहे. वयाच्या अडतिसाव्या वर्षी एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, नाव घातलं आणि प्रबंधाला विषय घेतला, जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयातल्या विशेष दंतसेवांचं मूल्यमापन. विशेष म्हणजे नुसतं दात काढणं-भरणं नव्हे. रूट कॅनल, हाडात अडकलेली अक्कलदाढ, हिरड्यांची शस्त्रक्रिया, तोंडातल्या संशयास्पद चट्ट्याची बायोप्सी, दिव्यांग मुलांचे दात, असं सगळं. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, परवानगीच्या पत्रातली पहिलीच अट ती आहे. टक्केवाऱ्याही इथे देत नाही, त्या प्रबंधात आहेत. नाशिककर अंदाज बांधायला लागतील. बांधू नका, जिल्ह्यात १५ तालुके आहेत.

विषय सुचला तो एका बाईंमुळे. जानेवारी २०२५ मध्ये त्या माझ्याकडे आल्या, खालची उजवी दाढ अर्धी तुटलेली, आत काळं पडलेलं तात्पुरतं सिमेंट. "सरकारीत नस काढली होती ताई, मग पुन्हा गेलेच नाही." कधी? तर मागच्या श्रावणात. म्हणजे पाच महिने. तात्पुरतं सिमेंट हे नावाप्रमाणे तात्पुरतंच असतं. ते झिजतं, कडेनं लाळ आत जाते आणि साफ केलेली मुळं पुन्हा सडायला लागतात. शेवटी दाढ काढावी लागली. माझ्या मनात पहिला विचार आला तो, "सरकारी काम, आणि काय होणार." तो विचार घेऊनच मी या अभ्यासात उतरले, हे आधीच कबूल करते.

मार्गदर्शक मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "त्यांनी काम वाईट केलं की काम पुरं झालं नाही? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत." आणि वाचायला ढीग दिला. त्यात अवेदिस डोनाबेडियन यांचा १९६६चा लेख होता. दर्जा तपासायचा तर साधनं, प्रक्रिया आणि परिणाम अशी तीन अंगं बघा, ही मांडणी त्यांची. आपल्याकडचे राष्ट्रीय गुणवत्ता मानकांचे तक्ते होते. त्यात प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण असतात आणि माहिती चार वाटांनी घेतात, स्वतः बघून, कर्मचाऱ्यांशी बोलून, नोंदी तपासून, रुग्णांशी बोलून. आणि ढिगाच्या तळाशी ब्राझील.

ब्राझीलचं मला काहीच ठाऊक नव्हतं. तिथे २००४ साली 'हसरा ब्राझील' अशा अर्थाच्या नावाचं राष्ट्रीय दंतआरोग्य धोरण आलं आणि त्याखाली सरकारी विशेष दंतकेंद्रं उभी राहिली. प्रत्येक केंद्रात किमान पाच सेवा हव्यातच: मुखकर्करोगावर भर देऊन तोंडाच्या रोगांचं निदान, हिरड्यांचे विशेष उपचार, छोट्या शस्त्रक्रिया, रूट कॅनल आणि विशेष गरजा असलेल्या रुग्णांची सेवा. खुर्च्यांच्या संख्येवरून केंद्राचे तीन प्रकार. तीन खुर्च्यांच्या सगळ्यात छोट्या केंद्रानं महिन्याला किमान ३५ रूट कॅनल करायचे. पुढे २०१३ मध्ये त्यांनी या केंद्रांसाठी वेगळा मूल्यमापन कार्यक्रम काढला. बाहेरचे मूल्यमापक केंद्रात यायचे. व्यवस्थापकाशी, दंतवैद्यांशी आणि रुग्णांशी बोलायचे. वाचताना एक बारीक गोष्ट माझ्या डोक्यात अडकून बसली. त्यांच्याकडे रूट कॅनलचा हिशोब दाताला मुळं किती त्यावरून होतो, एक, दोन, की तीन आणि जास्त. म्हणजे मोजायचं एकक दात आहे. त्या वेळी मी नुसती खूण करून पान उलटलं.

आराखडा मार्चमध्ये तयार झाला. पहिला अर्ज घेऊन मी १८ मार्चला रुग्णालयाच्या कार्यालयात गेले, ही चूक. दुसऱ्या दिवशी रंगपंचमी, त्यानंतर मार्चएंड. नाशकात रंगपंचमीच्या आदल्या दिवशी कुणाचं लक्ष कामात नसतं, सगळी चर्चा कुठल्या पेठेतली रहाड, म्हणजे रंग खेळायचा जमिनीतला जुना हौद, उघडणार याची. आवक टेबलावरच्या भाऊंनी अर्ज वाचला आणि हळूच विचारलं, "मॅडम, मूल्यमापन म्हणजे चौकशी का?" मी हसून नाही म्हटलं, पण अर्ज काही पुढे सरकला नाही. तीन आठवड्यांनी गेले तेव्हा तो त्याच फाइलीत वरून चौथा होता.

इथे पहिली सूचना, आणि माझ्या मते सगळ्यात कामाची. विषयाच्या ओळीत 'मूल्यमापन' लिहू नका. 'विशेष दंतसेवांचा अभ्यास, एमपीएच प्रबंधाकरिता' असं लिहा. आत आराखड्यात काय करणार ते सविस्तर, न लपवता लिहायचंच आहे. पण ज्या शब्दानं पहिलं टेबल घाबरतं तो शब्द वरच नको. दुसरं, अर्जाची एक प्रत जादा न्या आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. नंतरच्या प्रत्येक भेटीत "अर्ज दिलाय" म्हणण्यापेक्षा "आवक क्रमांक अमुक" म्हटलं की कपाट उघडतं. तिसरं, महाविद्यालयाचं शिफारसपत्र ज्या अधिकाऱ्याच्या नावे काढाल तो त्याच पदावर आहे ना, हे आधी फोन करून बघा. बदल्या होतात. माझं पत्र मला दोनदा काढावं लागलं.

मग सुरू झाला कोंबडी आधी की अंडं आधी हा खेळ. नैतिकता समिती (रुग्णांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणारी) म्हणे, रुग्णालयाची परवानगी दाखवा, मग प्रस्ताव घेतो. रुग्णालय म्हणे, समितीचं प्रमाणपत्र आणा, मग परवानगी देतो. एप्रिल यातच गेला. शेवटी मॅडमनी सुचवलं, 'तत्त्वतः मान्यता' मागा. 'नैतिकता समितीच्या मंजुरीच्या अधीन राहून हरकत नाही' एवढी एक ओळ असलेलं पत्र. तसा मसुदा मीच टाइप करून नेला. कार्यालयात कुणाकडे आपल्यासाठी पत्राचा मसुदा बनवायला वेळ नसतो, आणि तो का असावा? मसुदा तयार असला की निदान "बघतो, ठेवा" ऐवजी "साहेब आले की घेतो" एवढी प्रगती होते. साहेब मात्र येत नव्हते. कधी व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स), कधी सिंहस्थाच्या तयारीची बैठक. कुंभमेळा २०२७चा, पण त्याच्या बैठका नाशकात तेव्हापासूनच इतक्या चालल्या होत्या की शिपाईमामा मला बघितलं की लांबूनच हात हलवायचे, "आज पण कुंभ!" पाचव्या खेपेला, २० मे रोजी, पत्र मिळालं.

समितीपुढे ६ जूनला गेले. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचून गेले होते, त्याचा उपयोग झाला. प्रश्न अवघड नव्हते पण नेमके होते. रुग्णानं मधेच नाही म्हटलं तर त्याचे उपचार थांबणार नाहीत, हे संमतीपत्रात कुठे लिहिलंय? सही येत नसेल तर अंगठ्याला साक्षीदार कोण? आणि एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, "तुमचा स्वतःचा दवाखाना आहे. इथले रुग्ण तुम्ही तिकडे ओढणार नाही कशावरून?" मला राग आला, पण प्रश्न बरोबर होता. लिहून दिलं की अभ्यासातल्या कुठल्याही रुग्णाला वर्षभर माझ्या दवाखान्यात घेणार नाही, आणि दवाखान्याचं नाव कुठेही सांगणार नाही. संमतीपत्राच्या मराठीत दोन दुरुस्त्या सांगितल्या. मंजुरी १९ जूनला आली, शुल्क १,००० रुपये.

आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी ७ जुलैला, मी पहिल्यांदा दंतविभागात बसले. बाहेर धो धो पाऊस, आत ओल्या छत्र्या. केसपेपरच्या खिडकीवर पैसे घेत नाहीत हे बघून बरोबर आलेल्या दोन आजीबाई चकित झाल्या होत्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, पण गावाकडे हे अजून सगळ्यांना माहीत नाही. वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालयं यात येत नाहीत, तिथे शुल्क लागतं, हेही लक्षात ठेवा.

पहिले आठ-दहा दिवस मी फक्त बघत होते, ०, १, २ करत. खरं सांगायचं तर माझ्या अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त रकान्यांत २ पडले. उपकरणं गुंडाळून, तारीख टाकून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करायच्या यंत्रात, जात होती. प्रत्येक रुग्णामागे हातमोजे बदलले जात होते. सिस्टर इतक्या काटेकोर की मी खुर्चीच्या ट्रेवर पेन ठेवलं तर उचलून माझ्या हातात दिलं, काही न बोलता. जिथे ० पडले ते हातांच्या कौशल्यात नव्हते. कंप्रेसर बंद पडला की दुरुस्तीच्या पत्राला लागणारे दिवस. एक्स-रेसाठी दुसऱ्या इमारतीत जायचं, तिथे वेगळी रांग, तोवर दंतविभागाची वेळ संपलेली, म्हणजे रुग्णाची आणखी एक फेरी. मुळं भरायचं साहित्य संपलं तर पुढचा साठा येईपर्यंत ड्रेसिंगवर ड्रेसिंग. तिथल्या डॉक्टर एक दिवस हात धुताना म्हणाल्या, "तुमच्या तक्त्यात माझ्या खुर्चीच्या आजूबाजूचं सगळं आहे. खुर्चीवर माणूस परत येतो की नाही, त्याचा रकाना कुठंय?"

ब्राझीलच्या पानावरची ती खूण मला तेव्हा आठवली.

विभागातून महिन्याला जो अहवाल वर जातो त्यात असतं नवे रुग्ण इतके, जुने रुग्ण इतके, रूट कॅनल इतके. रूट कॅनलच्या आकड्यात काय मोजलंय? तर त्या दिवशी रूट कॅनलच्या कुठल्याही टप्प्यासाठी खुर्चीवर बसलेला प्रत्येक माणूस. एका दाढेला तीन सिटिंग लागली तर ती अहवालात तीनदा येते. एक सिटिंग करून गायब झालेले तीन रुग्ण असले तरी आकडा तीनच. पहिल्या ठिकाणी एक दाढ वाचली, दुसऱ्या ठिकाणी तीन दाढा उघड्या पडल्या, आणि कागदावर दोन्ही सारखे. माझ्याकडे आलेल्या त्या बाईसुद्धा कुठल्या तरी रुग्णालयाच्या अहवालात 'एक रूट कॅनल' म्हणून जमा असणार.

म्हणून मी ठरवलं की माणसामागे, फेरीमागे न जाता दातामागे जायचं. जानेवारी ते मार्चमध्ये उघडलेला प्रत्येक दात रजिस्टरमध्ये पुढे शोधत जायचं, तो पुरा झाला का ते बघायचं. बोलायला सोपं. करायला पुढचे सहा आठवडे लागले.

कारण रजिस्टरं चार: बाह्यरुग्णाचं, प्रक्रियेचं, एक्स-रेचं आणि पुढे पाठवलेल्यांचं. केसपेपर दर वेळी नवा, त्यामुळे क्रमांक दर वेळी वेगळा. खिडकीवर आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) विचारतात खरा, पण दंतविभागाच्या हातानं लिहिलेल्या वहीत ते चौदा आकडे लिहायला कुणाला सवड? मग उरतं नाव. 'सखुबाई' पुढच्या फेरीत 'सखूबाई', तिसऱ्या फेरीत नवऱ्याच्या नावासकट. दाताचं तर विचारूच नका. एक डॉक्टर आंतरराष्ट्रीय पद्धतीनं ४६ लिहितात, म्हणजे खालची उजवी पहिली मोठी दाढ. दुसऱ्या डॉक्टर जुन्या वळणाच्या, त्या आडवी-उभी रेघ काढून कोपऱ्यात ६ लिहितात. तीच दाढ. एका ठिकाणी रेघेची बाजू उलटी पडली होती आणि मी दोन दिवस एका आजोबांची डावी दाढ शोधत बसले होते. हे ज्यांना करायचंय त्यांनी नाव, गाव, वय आणि दात अशा चार गोष्टी जुळवा. चारपैकी तीन जुळल्या तर धरा, आणि हा नियम आराखड्यातच लिहून ठेवा. मी नंतर लिहिला, त्यामुळे पहिलं सगळं पुन्हा तपासावं लागलं.

रुग्णांशी बोलणं ऑगस्टमध्ये सुरू केलं आणि सुरुवातीलाच आपटले. समितीनं मंजूर केलेल्या संमतीपत्राच्या शिक्क्याच्या प्रतीऐवजी मी संगणकातली जुनी प्रत छापून आणली होती. नऊ मुलाखती झाल्यावर लक्षात आलं. मॅडमना सांगितलं, त्या म्हणाल्या, "फाडा." फाडल्या. छपाईच्या दुकानात पेन ड्राइव्ह देऊ नका, शिक्क्याची प्रत द्या आणि तिचीच झेरॉक्स काढा.

पुढच्या मुलाखतींत वेगळीच अडचण. "सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?" या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर, "चांगलंय." गाल सुजलाय, सकाळी सहाला घर सोडलंय, एक्स-रे झाला नाही म्हणून आजचं काम झालेलं नाही, तरी "चांगलंय." हातात फाइल असलेल्या बाईला माणूस दुसरं काय सांगणार? शिवाय सही म्हटलं की धास्ती. सप्टेंबरच्या अखेरीस तर प्रत्येक बाई आधी विचारायची, "लाडक्या बहिणीचं केवायसी आहे का?" नाही म्हटलं की अर्ध्या जणी उठायच्या.

मी प्रश्न बदलले. अर्थात समितीला कळवून, सुधारित प्रत मंजूर करून, त्यात बारा दिवस गेले. 'समाधान' काढून टाकलं. "आज घरातून किती वाजता निघालात? इथे येण्यासाठी आज काय सोडलं? मागच्या वेळी दातात काय केलं ते सांगितलं का? पुढच्या वेळी का यायचं ते माहीत आहे?" आणि जागाही बदलली. विभागाच्या दारातल्या बाकड्याऐवजी बाहेर चहाच्या टपरीजवळ कडुनिंबाखाली बसायला लागले. फाइल पिशवीत, हातात फक्त एक कागद. मग माणसं बोलायला लागली.

सटाण्याकडच्या एका आजींना मी विचारलं, पुढच्या आठवड्यात येणार ना? त्या अहिराणीत म्हणाल्या, "आते दुखत नही, मंग काबर येवानं?" (आता दुखत नाही, मग कशाला यायचं?) हे वाक्य मी प्रबंधात जसंच्या तसं घातलंय. रूट कॅनलच्या पहिल्या सिटिंगमध्ये नस निघते, ठणका थांबतो. रुग्णाच्या लेखी काम झालं. डॉक्टरांच्या लेखी ते आत्ता सुरू झालंय. मधलं अंतर बोलून भरायला खुर्चीवर दीड मिनिट मिळतं आणि तेही तोंडात कापूस असताना.

पण नुसतं समजावून सांगितलं की भागेल असंही नाही. पेठ-सुरगाण्याकडचे लोक जुलैत येत नाहीत, भाताची आवणी, म्हणजे लावणी, असते. ऑक्टोबरनंतर तीच माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात, तेव्हा रुग्णालय जवळ पडतं, पण दिवस बुडाला तर रोज बुडतो. मोफत उपचाराची किंमत त्यांच्या हिशोबात एका दिवसाची मजुरी, एसटीचं तिकीट आणि बरोबर आलेल्या माणसाचंही तेवढंच. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ७५च्या पुढच्यांना तिकीट नाही. म्हणून मधल्या वयाचे पुरुष सगळ्यात आधी गळतात की काय, असा मला संशय आहे. सिद्ध करण्याएवढ्या मुलाखती माझ्याकडे नाहीत, एकूण ८४ झाल्या.

जे परत आले नाहीत त्यांना फोन केले. निम्मे नंबर शेजाऱ्यांचे किंवा पोराचे, पोरगा कंपनीत सातपूरला. शेवटी एकदा एसटीनं सुरगाण्याच्या बाजूला गेले. माझा पहिला बेत २५ सप्टेंबरचा होता. नवरात्रात वणीकडे जाणाऱ्या गाड्यांत सप्तशृंग गडाच्या भाविकांमुळे पाय ठेवायला जागा नसते, हे नाशिकची असून माझ्या डोक्यात आलं नाही. स्टँडवरूनच परत फिरले आणि दसऱ्यानंतर गेले. चार घरं सापडली. एका घरी चाळिशीचे गृहस्थ ओट्यावर बसलेले. यांचा प्रश्न दाताचा नव्हता, तोंडच उघडत नव्हतं, जेमतेम दोन बोटं. सुपारी-गुटख्यानं गालाची आतली कातडी पांढरी, ताठ झालेली. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि ओट्याखाली रिकाम्या पुड्या पडल्या होत्या. रुग्णालयानं आपलं काम केलं होतं: तपासलं, समजावलं, मुंबईच्या मोठ्या केंद्राची चिठ्ठी दिली. पाठवलेल्यांच्या रजिस्टरमध्ये त्यांची नोंद स्वच्छ अक्षरात होती. चिठ्ठी मला त्यांनी दाखवली, देवाच्या फोटोमागे घडी करून ठेवलेली. मुंबईला ते गेले नव्हते. "तिथं कोणाला भेटायचं ते लिहिलेलं नाही," म्हणाले. मी चिठ्ठी उलटसुलट बघितली. खरंच नव्हतं.

त्या दिवशी परतीच्या गाडीत मी माझ्या दवाखान्यात आलेल्या त्या बाईंचा विचार करत बसले. त्यांना "एवढे दिवस का थांबलात?" असं मी जरा वरच्या पट्टीतच विचारलं होतं.

दिवाळीनंतर आकडेमोड. एक सल्ला द्यावासा वाटतो: तक्ता भरताना 'दात' ही ओळ ठेवा, 'रुग्ण' नको. एका रुग्णाचे दोन दात असतील तर दोन ओळी. मी आधी उलटं केलं होतं. आणि उघडलेला दात नंतर काढला असेल तर तो 'अपूर्ण' नाही, त्याला वेगळा रकाना हवा. काही वेळा दात काढणं हाच योग्य निर्णय असतो.

निष्कर्ष रुग्णालयात मांडायचे, ही अटच होती. ११ डिसेंबरला सकाळी मी दहा स्लाइड घेऊन गेले. रात्री झोप लागली नव्हती, कारण पाहुणचार घेऊन दोष दाखवल्यासारखं वाटत होतं. पहिल्या तीन स्लाइड निर्जंतुकीकरणाच्या ठेवल्या, जिथे त्यांचे गुण पूर्ण होते. मग दातांचा तक्ता. खोलीत शांतता. वरिष्ठ म्हणाले, "आमच्याकडून फेऱ्यांचाच आकडा मागतात, तर आम्ही फेऱ्याच देणार." बरोबरच होतं. डॉक्टर मात्र तक्त्याकडे बघत राहिल्या, त्यांनी विचारलं, "यातले माझे किती?" डॉक्टरनिहाय माहिती मी घेतलीच नव्हती, समितीला तसं लिहून दिलं होतं. ते सांगितल्यावर खोलीतली हवा जरा सैलावली.

सिस्टरनी व्यवहारी प्रश्न काढला. छापील रजिस्टरमध्ये नवा रकाना कुठे आखायचा, रजिस्टर तर वरून येतं. बराच वेळ चर्चा झाल्यावर ठरलं ते एवढंच. दात उघडला त्या दिवशी समासात लाल पेनानं गोल, पुरा झाला की त्याच गोलात बरोबरची खूण, आणि महिनाअखेरीस रिकामे गोल मोजून ज्यांचे फोन लागतात त्यांना फोन. एक्स-रेची रांग, कंप्रेसरची पत्रं, चिठ्ठीवर खोली क्रमांक लिहिणं, हे सगळं इतिवृत्तात 'पुढील कार्यवाहीसाठी' म्हणून गेलं. त्याचं काय होईल ते बघायचं.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. छपाई आणि झेरॉक्स ३,८०० रुपये, प्रवास आणि पेट्रोल ४,५००, समितीचं शुल्क १,०००, चार प्रतींचं बाइंडिंग १,४००. सगळे मिळून १०,७००. सकाळचा दवाखाना साधारण पाच महिने बंद राहिला, ते यात धरलेलं नाही. मंजुरीच्या कागदांच्या मूळ प्रती प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, माझं एक पत्र जुलैच्या पावसात भिजून त्यावरचा शिक्का फुटला आणि दुसरी प्रत मिळवायला पुन्हा दोन खेपा झाल्या. रजिस्टरं बघायला दुपारी दोननंतर जा. आणि आवक टेबलावरच्या भाऊंना काम झाल्यावर सांगायला विसरू नका, मी प्रबंधाची प्रत दाखवली तेव्हा त्यांनी पहिलं पान उघडून शीर्षक वाचलं आणि म्हणाले, "शेवटी मूल्यमापनच लिहिलंत की."

प्रबंध जानेवारीत जमा केला. माझ्या दवाखान्याच्या वहीतही आता समासात लाल गोल आहेत. मागच्या महिन्याचे सात रिकामे निघाले. पाच जणांना फोन लागला, दोघांचा नंबर बंद आहे.